कुमारवाचकांसाठी दर्यावरची अद्भुतकथामाला: गलबत, वारा आणि भरतीचा हिशेब कसा बसवायचा?

निळाई

नमस्कार मंडळी,

दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी चार पुस्तकांची मालिका लिहिते आहे. काळ साधारण १७०० ते १७२०, म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा. किनारा विजयदुर्ग ते मालवण या पट्ट्यासारखा, गावांची नावं मात्र कल्पित. नायिका यमू, वय बारा, तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या प्रमुख खलाशाची मुलगी. तिचा धाकटा भाऊ सदू. या दोघांच्या हाती एक शंख लागतो. तो फुंकला की वारा येतो. एक परका जहाजवाला त्या शंखाच्या मागावर आहे आणि चौथ्या पुस्तकापर्यंत सगळे मिळून समुद्रात बुडालेल्या एका बेटाशी पोचतात.

पहिल्या पुस्तकाचा खर्डा तयार आहे. अद्भुत भाग लिहिताना हात अडखळत नाही, अडतं ते साध्या गोष्टींत. दोन मुलं आणि दोन-तीन मोठी माणसं मिळून नक्की काय चालवू शकतील? गुराब, गलबत, मचवा यांतला फरक मुलांना चटकन कसा कळेल? मालवणाहून मुंबईला किती दिवस धरायचे? मोठं जहाज पाठीशी लागलं तर लहान होडी जादूशिवाय कशी निसटेल? आणि शंखामुळे सगळंच सोपं होऊन जातंय, त्याला वेसण कशी घालायची?

खर्ड्यातला एक उतारा देते:

'यमूने चाक गर्रकन फिरवलं. गलबत जागच्या जागी थांबलं आणि उलटं वळलं. वारा समोरून येत होता, तरी शिडं टम्म फुगली होती. ते बाणासारखे शत्रूवर चालून गेले.'

वाचायला वेग आहे, पण समुद्रावरचा माणूस हे मान्य करेल असं वाटत नाही. जाणकारांनी खुल्या मनाने चिरफाड करावी.

तांडेल

उताऱ्यापासूनच सुरुवात करू.

आपल्या किनाऱ्यावरच्या गलबतांना चाक नव्हतं. सुकाणूच्या माथ्यावर लाकडी दांडा बसवलेला असे, तो धरून गलबत वळवत. युरोपच्या मोठ्या जहाजांवरही चाक दिसू लागलं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे तुमच्या कथेच्याच काळात. तेव्हा परक्या जहाजाला चाक आणि यमूला दांडा असं ठेवलंत तर तो फरकच गोष्टीत कामाला येईल. दांडा डावीकडे लोटला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उजवीकडे वळते. सदूच्या हाती पहिल्यांदा सुकाणू आलं की तो नेमका इथेच घोळ घालेल, आणि वाचणारं मूल त्याच्याबरोबर ते शिकेल.

गलबत जागच्या जागी थांबत नाही. शीड उतरवलं तरी अंगचा वेग त्याला बरंच पुढे नेतो. लवकर थांबवायचं तर वल्ही उलटी मारावी लागतात. नांगर टाकणं हा थांबवायचा उपाय नव्हे. वेगात असताना नांगर टाकला तर दोर तुटतो, नाहीतर नाळीवरचा खुंटा उखडतो.

समोरच्या वाऱ्यात शीड फुगत नाही, ते फडफडतं. तिकोनी शिडाचं गलबत वाऱ्याच्या रोखापासून साधारण ५५ ते ६० अंश बाजूला राहूनच पुढे सरकतं. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर नागमोडी जावं लागतं. ६० अंशांचा हिशेब धरला तर सरळ रेषेत दहा किलोमीटर जायला पाण्यावर वीस किलोमीटर कापावे लागतात. त्यात प्रत्येक वळणाला शिडाची लांबलचक आडवी काठी डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. हे वाऱ्याकडे तोंड करून होत नाही. आधी नाळ वाऱ्यापासून दूर फिरवायची, शीड ढिलं करायचं, काठी पलीकडे न्यायची आणि मग पुन्हा दोर ताणायचा. जोराच्या वाऱ्यात यातली एक पायरी चुकली तर शीड डोलकाठीवर उलटं दाबलं जातं. मग शीड तरी फाटतं, नाहीतर होडी कलंडते.

तुमचा उतारा असा बसवता येईल:

'यमूने दांडा पोटाशी ओढला. नाळ वाऱ्यापासून दूर फिरू लागली. "दोर सोड!" सदूने दोर ढिला केला, शीड फाडकन वाजलं आणि तिघांनी मिळून काठी डोलकाठीच्या पलीकडे लोटली. सहा श्वास होडी नुसतीच वाहत राहिली. मग शीड भरलं.'

वेग कमी झालेला नाही. उलट त्या सहा श्वासांत काय होईल याची धास्ती आली.

आता जहाजं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं बारकाईने टिपलेली आहेत. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. अंग रुंद, तळ उथळ, त्यामुळे थोड्या पाण्यातही चालते. पुढचं नाक लांब आणि खालच्या अंगाला काढलेलं. त्या नाकाला कठडे नसतात, कारण समोरच्या लाटेत ते सारखं पाण्यात बुचकळतं आणि चढलेलं पाणी आपोआप वाहून जायला हवं असतं. त्याच्या मागच्या आडभिंतीत भोकं पाडून दोन तोफा बसवलेल्या, ९ किंवा १२ पौंडी, नाकावरून सरळ पुढे मारा करणाऱ्या. पौंडी म्हणजे गोळ्याचं वजन: १२ पौंडी गोळा साधारण साडेपाच किलोचा. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी.

गलबत याच घडणीचं पण लहान, फार तर सत्तर टनांचं. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची अगदी बारीक. पुढच्या डोलकाठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड, इतकं की त्याचं टोक डोलकाठीच्याही वर जातं. चाळीस-पन्नास वल्ही, ताशी सहाएक किलोमीटर वेग. बऱ्याच गलबतांची वरची तक्तपोशी वजन वाचवायला चिरलेल्या बांबूची असे आणि कडेला खुंटीवर फिरणाऱ्या लहान तोफा.

मुलांसाठी एका वाक्यात: गुराब तोफा नेते, गलबत माणसं नेतं, मचवा माल आणि मासळी नेतो.

यातलं गुराब किंवा गलबत तुमच्या चार-पाच जणांच्या हातात देऊ नका. पन्नास वल्ह्यांना पन्नास माणसं लागतात. त्यांना वीस-पंचवीस फुटी, एका डोलकाठीची होडी द्या. एक जण सुकाणूवर, एक शिडाच्या दोरावर, एक काठी फिरवायला मदतीला आणि चौथा पाणी उपसायला, नाळीवरून खडप, म्हणजे पाण्यातले खडक, बघायला. लाकडी होडीत पाणी झिरपत राहतंच, उपसणारा माणूस रोजचाच लागतो. सदूला तेच काम द्या. पाणी वाढलंय हे सगळ्यात आधी त्याला कळेल. दोघांनीच जायचे प्रसंग असतील तर उलांडी आहे. बाजूला आडव्या दांड्यांवर लाकडी ओंडका बांधलेला असतो, त्यामुळे अरुंद होडीही सहसा कलंडत नाही.

लढाईचं एक. वारा पडला तर गलबतं वल्ह्यांवर गुराबांना ओढून न्यायची. हल्ला मागून, कारण शत्रूच्या बाजूच्या तोफा तिथे पोचत नाहीत. पहिला मारा डोलकाठ्यांवर, आणि तोही तिन्ही डोलकाठ्या एकमेकींमागून जेमतेम वेगळ्या दिसू लागल्या की, म्हणजे एकीवर चुकलेला गोळा दुसरीला लागतो. डोलकाठ्या पडल्या की जहाज जागचं हलत नाही, मग जवळ जाऊन चहूबाजूंनी तोफा, आणि तरीही शरण आलं नाही तर गलबतांतून माणसं एकदम वर चढायची. हे सगळं यमूच्या डोळ्यांनी किनाऱ्यावरच्या बुरुजावरून दाखवा. बारा वर्षांची मुलगी तोफेच्या माऱ्यात शिरली तर आपण वाचकाला फसवतो आहोत.

विजयदुर्गकर

वर जहाजांचं सगळं आलंय, म्हणून मी वारा आणि पाणी घेतो. माझ्या मते या मालिकेचा खरा खलनायक घड्याळ आहे, परका जहाजवाला त्याच्यानंतर.

पावसाळा सरला की मेपर्यंत किनाऱ्यावर वाऱ्याचा एक रोजचा क्रम असतो. मुलांना तो भूगोलाच्या पुस्तकातून माहीत असतो: मतलई वारे आणि खारे वारे. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई. मग वारा पडतो, समुद्र तेलासारखा सपाट होतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो, तो सूर्यास्तापर्यंत जोरात. म्हणजे दक्षिणेला जाणं सोपं आणि उत्तरेला येणं जिकिरीचं. मालवण ते मुंबई समुद्रमार्गे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. चार नॉट म्हणजे ताशी ७.४ किलोमीटर. न थांबता ४४ तास झाले. पण लहान होडी रात्री खाडीत शिरते, पाणी भरते, वारा पडला की बसून राहते. दक्षिणेकडे येताना चार-पाच दिवस धरा, उत्तरेकडे जाताना त्याच्या दुप्पट. जाणं आणि येणं सारख्याच दिवसांत झालं की जाणत्याला तिथेच शंका येते.

उत्तरेकडे जायची पद्धत अशी: पहाटेच्या मतलईवर किनाऱ्याच्या कडेकडेने शक्य तितकं पुढे जायचं, दुपारी खारा वारा चढला की एखाद्या डोंगरी नाकाडाच्या दक्षिणेला आडोशाला थांबायचं. म्हणजे दुपारी मुलांना किनाऱ्यावर उतरायला आपोआप कारण मिळतं.

आता भरती. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणजे रोज भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा. किनाऱ्यावरचा ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बारा. दोन्ही पक्षांना लागू, दिवसा आणि रात्रीही. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण कादंबरीला एवढं पुरे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान. मुंबईकडे उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, मालवणकडे जवळपास त्याच्या निम्मं.

तुमच्या पाठलागाचं उत्तर यातच आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. समजा उधाणाच्या भरतीला त्याच्यावर ३.६ मीटर पाणी आणि ओहोटीला १.२. फरक २.४ मीटर. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. सहा तासांचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. इथे एक वाटा २० सेंटिमीटरचा. म्हणजे पहिल्या तासाने ३.४, दुसऱ्याने ३.०, तिसऱ्याने २.४, चौथ्याने १.८.

परक्या जहाजाला तीन मीटर पाणी लागतं, यमूच्या होडीला पाऊण मीटर. अमावास्येची रात्र, भरती बाराच्या सुमाराला. जहाज भरतीवर आत शिरलं तर त्याला दोन वाजायच्या आत बाहेर पडायलाच हवं. यमूने त्याला आत गुंतवून ठेवायचं, बस्स. तीन वाजता ती निवांत वाळूच्या दांड्यावरून निघून जाते आणि जहाज आत अडकतं. त्यात अमावास्या, म्हणजे चंद्र नाही. आणि पहाटे मतलई वारा तिला आपसूक बाहेर ढकलतो. जादूची गरज कुठेच लागली नाही.

यात आणखी एक गंमत आहे. उधाणाचा सर्वांत मोठा चढ अमावास्येच्या एक-दोन दिवस नंतर येतो. त्या दिवशी ऐन भरतीच्या टोकाला जहाज वाळूत रुतलं, तर पुढची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा कमीच. पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे सुमारे दोन आठवडे, ते तिथून हलत नाही. तेच अष्टमीनंतर रुतलं असतं तर पुढच्या एक-दोन भरत्यांत सुटलं असतं. शत्रूला किती दिवस अडकवायचं हे तिथी निवडून ठरवता येतं.

म्हणून माझा आग्रह: खर्ड्याच्या समासात प्रत्येक प्रकरणाची तिथी लिहा. चंद्रोदयही त्यावरूनच निघतो. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमाराला, वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. अमावास्येची गोष्ट चालू असताना तिसऱ्या रात्री पूर्ण चंद्र उगवला, तर बारा वर्षांचं मूलही पकडतं.

निळाई

दोघांचेही मनापासून आभार. पाठलागाचं प्रकरण तिथीवर पुन्हा बांधते. पण वारा आणि भरती इतकी पक्की झाल्यावर शंखाचं काय करायचं? तो फुंकला की सगळा हिशेब मोडतो. आणि बुडालेलं बेट कुठे ठेवावं, तिथे ही मुलं पोचणार कशी, यावरही कुणी लिहावं.

मालवणी माणूस

शंख ठेवा, पण नुसता फुंकून वारा येऊ देऊ नका. आपल्याकडे गाऱ्हाणं आहे ना! राखणदारापुढे उभं राहून काय हवं ते नीट शब्दांत मागायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. शंख म्हणजे फक्त हाक. मागणं तोंडाने करायचं आणि सोबतच्या प्रत्येकाने होकार भरायचा. एकाने जरी 'व्हय' म्हटलं नाही, तर वारा येत नाही. मग होडीतल्या माणसांमधलं भांडण हे आपोआप संकट होतं. परक्या जहाजवाल्याच्या हाती शंख पडला तरी त्याच्या खलाशांनी मनापासून होकार द्यायला हवा, आणि ते तर जबरदस्तीने आणलेले.

दुसरी अट: शंख नवा वारा निर्माण करत नाही, कुठून तरी उचलून आणतो. यमूकडे वारा आला की दुसऱ्या कुणाचा तरी पडतो. पहिल्या पुस्तकात हे कुणालाच कळू नये. दुसऱ्यात कळावं की त्याच रात्री तिच्या गावच्या होड्या वाऱ्याविना बाहेर अडकून पडल्या होत्या. तिसरी अट विजयदुर्गकरांच्या लेखनातूनच येते: शंखाची सत्ता वाऱ्यावर, भरतीवर नाही. भरती चंद्राची. त्यामुळे तुमचं खाडीचं प्रकरण तसंच टिकतं.

भुताखेतांच्या बाबतीत बाहेरून काही आणायची गरज नाही. एका डोळ्यावर पट्टी आणि खांद्यावर पोपट असलेला समुद्री चाचा मुलांनी शंभरदा पाहिलाय. आपल्याकडे गिऱ्हा आहे, पाण्यात राहणारा, रात्री माणसाला वाट चुकवून खोल पाण्यात नेणारा. देवचार आहे, वेशी राखणारा. त्यांना उगाच राक्षस करू नका. त्यांचे नियम असतात, मान असतो, आणि नियम पाळणाऱ्याला ते वाट देतात.

आणि खरा समुद्रच इतकं देतो! थंडीच्या दिवसांत काही रात्री लाटा निळ्या पेटतात. नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव पाणी ढवळलं की चमकतात. अशा रात्री वल्हं मारलं की प्रत्येक वल्ह्यापाशी निळा भोवरा उठतो आणि मागे होडीची उजळलेली वाट राहते. म्हणजे लपून जाणारी यमू त्या रात्री पकडली जाणार. वल्ही बंद, शीड वर, आणि होडी जितकी हळू जाईल तितकी बरी. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात, अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. सिंधुदुर्ग किल्ल्यात, चारी बाजूंना खारं पाणी असताना, गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. जंजिऱ्याजवळच्या पद्मदुर्गावर दगड झिजून आत गेलेत आणि त्यांच्यामधला चुना मात्र तसाच उभा आहे. त्या चुन्याची जाळी हाताला लागते. यातलं काहीही अद्भुतकथेत ठेवा, कुणी म्हणणार नाही की रचलेलं आहे.

ध्रुवमत्स्य

बुडालेल्या बेटासाठी जागा तयारच आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्राच्या तळातून वर आलेलं एक पठार आहे, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून पडलेलं नाव. उत्तर-दक्षिण चाळीसेक किलोमीटर लांब, माथ्यावर पाणी वीस मीटरच्या आसपास, आणि त्यावर प्रवाळ. आजूबाजूचा समुद्र मात्र कितीतरी खोल. तुमच्या बेटाला दुसरं नाव द्या, पण अंतरं हीच ठेवा.

चार नॉटने सलग चौदा तासांचा पल्ला. पहाटेच्या मतलईवर निघालं तरी दुपारी खारा वारा वायव्येकडून, म्हणजे जवळजवळ तोंडावर. त्यामुळे दीड-दोन दिवस धरा. नांगर तिथे पोचत नाही असं लिहू नका. वीस मीटरला पोचतो, पण दोर खोलीच्या पाचपट सोडावा लागतो, शंभर मीटर. काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यात टिकतो आणि तरंगतो, तोच वापरा.

पाण्याचा हिशेब चुकवू नका. उन्हात वल्ही मारणाऱ्याला रोज चार लिटर तरी हवं. पाच माणसं, सहा दिवस, म्हणजे १२० लिटर. तेवढंच वजन १२० किलो, जवळपास दोन मोठी माणसं. पिंप रिकामं होत गेलं की होडी हलकी होते आणि जास्त डोलायला लागते, हेही लक्षात असू द्या. चूल मातीने भरलेल्या लाकडी पेटीत. जोराच्या वाऱ्यात ती पेटवत नाहीत, म्हणून पोहे, गूळ, खोबरं, सुकी मासळी.

जमीन कधी दिसेनाशी होते? डोळा पाण्यापासून जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणा, ते क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये. होडीत उभ्या माणसाचा डोळा दोन मीटरवर, म्हणजे पाच किलोमीटर. सोळा मीटरच्या डोलकाठीवरून चौदा. पंचवीस मीटर उंच बेट त्या डोलकाठीवरून बत्तीस किलोमीटरवरून दिसू शकतं, कारण दोन्ही अंतरांची बेरीज होते. मुलं हे वहीत करून बघतात. यमू होडीत बसलेली आहे आणि परका जहाजवाला उंच डोलकाठीवर माणूस चढवून बसलाय, म्हणजे तो तिला आधी बघणार. उपाय एकच, शीड उतरवायचं. शिडाविना होडी लाटांत हरवते.

परतीचा मार्ग ध्रुवावरून. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, साधारण तितका तुमचा अक्षांश. विजयदुर्ग साडेसोळा अंशांवर. हात लांब करून मूठ धरली तर दहा अंश, मधली तीन बोटं पाच. पण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा मुठीवर घर सापडलं असं दाखवू नका. अरबी खलाशी कमाल वापरत: लाकडी पाटी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी, दोरीला प्रत्येक बंदराची एक गाठ. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, पाटीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि ध्रुव वरच्या कडेला टेकतो का बघायचं. टेकला की त्या बंदराच्या अक्षांशावर आलो, आता सरळ पूर्व धरायची. यमूच्या आजोबांची कमाल तिच्या गळ्यात असेल तर शंखाइतकीच ती मोलाची ठरेल, आणि तिच्यावर एक गाठ अशी असू द्या की तिचं बंदर कुणालाच माहीत नाही.

किनारा जवळ आल्याच्या खुणा: निळं पाणी हिरवट आणि मग गढूळ होतं, समुद्रसाप दिसू लागतात (ही खूण दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्द्यांनीही नोंदवली आहे), आणि शिशाच्या ओळंब्याच्या बुडाला चरबी लावून सोडली की तळाचा चिखल किंवा वाळू चिकटून वर येते. खोली वावांत मोजा. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर. सदूचा वाव यमूपेक्षा लहान, हे मात्र कुणीतरी ध्यानात ठेवायला हवं.

अक्षरजुळणी

छपाईच्या बाजूने थोडं. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं, म्हणून पानं सोळाच्या पटीत बसवा. १२८ पानं म्हणजे आठ फॉर्म. या वयासाठी १४ पॉइंटचा टाइप आणि मोकळ्या ओळी ठेवल्या तर डेमी आकाराच्या पानावर सव्वादोनशे शब्द मावतात. चित्रं, नकाशा, प्रकरणांची कोरी जागा वजा केली की २४-२५ हजार शब्द. चौदा-पंधरा प्रकरणं करा. नकाशा दोन पानांवर पसरवणार असाल तर महत्त्वाचं बंदर मधल्या शिवणीत जाऊ देऊ नका, ते दिसत नाही.

शब्दांबद्दल: नाळ, सुकाणू, उलांडी, मतलई, उधाण, वाव हे सगळे ठेवा. मागे शब्दार्थ देऊ नका, कंसातही अर्थ घालू नका. वर तांडेल यांनी केलंय तसं, शब्द आला की त्याच वाक्यात त्या वस्तूने काहीतरी करावं. एका प्रकरणात असे तीन-चारच नवे शब्द. संवादात मालवणी जरूर आणा, पण निवेदन प्रमाण भाषेत. आणि मालवणी बोलणारी माणसं फक्त विनोदासाठी नकोत. यमूचे वडील सगळ्यात गंभीर गोष्ट मालवणीतच बोलू देत.

एक मोठी सूचना: होडीचं आडवं चित्र पहिल्याच पुस्तकात द्या, भागांच्या नावांसकट, आणि ते चित्र चारही पुस्तकांत सारखं ठेवा. दुसऱ्या भागात डोलकाठी एकाची दोन झाली की मुलांची पत्रं येतात.

निळाई

शेवटचा प्रश्न. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. तिसरं पुस्तक नेमकं त्या महिन्यांत येतंय. तेव्हा काय घडवावं?

तांडेल

उत्तम काळ आहे, सोडू नका. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात, आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे. दर्या खवळायच्या आठ-पंधरा दिवस आधी आरमार बंदरात आणून छावणी करावी, दरवर्षी एकाच बंदरात करू नये, कारण तिथल्या रयतेला उपद्रव होतो, असं त्यात सांगितलंय. परवानगीशिवाय झाडं तोडू नयेत, आंबा-फणसाला तर हातच लावू नये, हेही. म्हणजे यमूच्या गावात यंदा पहिल्यांदाच आरमाराची छावणी पडते, आणि मोडक्या होडीसाठी तिला सागाची एक फळी हवी आहे जी कुणी तोडून देऊ शकत नाही.

गोदीचं काम असं चालतं. उधाणाच्या भरतीला होडी खाडीत शक्य तितकी वर आणायची, ओहोटीला ती ओंडक्यांवर बसते. तळाची शिंपलं आणि शेवाळ खरवडायचं. मग एकेक फळी ठोकून आवाज ऐकायचा. भरीव वाजली तर चांगली, पोकळ वाजली तर आत टेरेडो, म्हणजे लाकूड पोखरणारा जलचर. त्याचं तोंड बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं दिसतं आणि आत बोटभर जाडीचं भुयार असतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. पोखरलेली फळी बदलायची. सांध्यांतला जुना कापूस काढून तेलात भिजवलेला नवा ठासून भरायचा आणि शेवटी तळाला चुना आणि तेल घोटून लेप द्यायचा. लेप सुकायला कोरडी हवा लागते, म्हणून हे एक तर पावसाआधी उरकायचं किंवा श्रावणातल्या उघडिपीत, नारळी पौर्णिमेच्या आत. आषाढात लावलेला लेप पोपडे धरून निघतो आणि होडी पाण्यात गेल्यावर आठवडाभरात गळू लागते.

शंख कुठे लपवायचा हा प्रश्न असेल तर नाळीच्या आतल्या दुहेरी फळ्यांमध्ये जागा असते. सांधे उघडणारा सुतार ती उघडणारच, तेव्हा तो सुतार कोणाच्या बाजूचा हे आधी ठरवून घ्या.